देव्हाऱ्यातला रुपया

“कागदाच्या जिवावर मंडई बांधणार आपण?” कारभारी दिनकरराव नेर्लेकरांनी विचारलं आणि चष्म्याची डबी खट्‌कन मिटली. विषयही मिटला, असं त्यांचं म्हणणं असावं.

“कागदाच्या नाही, दगडाच्या,” आईसाहेब म्हणाल्या. “दगड आपल्या खाणीतला, लाकूड आपल्या रानातलं, गवंडी आपल्या गावातले. कमी काय आहे?”

“रुपये.”

“म्हणजे मंडईला लागतं ते सगळं आहे, फक्त रुपये नाहीत. म्हणून मंडई नाही. मला हे काही समजत नाही, कारभारी.”

मी दाराशी नवरात्राच्या आमंत्रणाचा कच्चा छाप घेऊन उभा होतो. वय चोवीस, नाव मार्तंड पांचाळ, हुद्दा चिंचणगड संस्थानच्या छापखान्याचा मुख्य. मुख्य म्हणजे तिथं दुसरं कुणी नव्हतं. संस्थानही तसंच होतं. साडेअकरा गावं. अर्धं का, तर एका गावाच्या मधून नदी जायची आणि पलीकडचा काठ शेजारच्या संस्थानचा. राजेसाहेब नऊ वर्षांचे, शिकायला बाहेरगावी. कारभार त्यांच्या मातोश्री, म्हणजे आईसाहेब बघायच्या. साल छत्तीस.

“पुण्याची पेढी साडेसात टक्क्यांनी द्यायला तयार आहे,” कारभारी म्हणाले. “फक्त रान तारण ठेवायचं.”

“म्हणजे दहा वर्षांनी मंडई आपली आणि रान पेढीचं.” आईसाहेबांनी पानाचा डबा पुढं ओढला. “गेल्या महिन्यात कोठीवर ज्वारीची चिठ्ठी आली. मी दिली होती माहुताला, परत आणली कासारानं. मी विचारलं, तुझ्याकडं कशी? तर माहुतानं दिली न्हाव्याला, न्हाव्यानं तेल्याला, तेल्यानं शिंप्याला, शिंप्यानं कासाराला. ज्वारी कोठीतनं हललीही नव्हती आणि चार जणांची कामं होऊन गेली. तशीच रुपयाची चिठ्ठी काढू. मजुरी त्यात देऊ.”

“त्या चिठ्ठीमागं ज्वारी होती. हिच्यामागं काय?”

“घरपट्टी. ज्या कागदावर सरकार घरपट्टी भरून घेतं, तो कागद लोक फेकतील? तुम्ही फेकाल, कारभारी?”

कारभाऱ्यांनी डबी पुन्हा उघडली. त्यांची घरपट्टी संस्थानात सगळ्यांत जास्त होती.

वर गोऱ्या सरकारची परवानगी लागणार होती. संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या त्यांच्या एजन्सीकडून हॅरॉप नावाचे साहेब आले, तीन दिवस राहिले आणि एका अटीवर हो म्हणाले. दोन हजार चिठ्ठ्या छापायच्या. पुढच्या दसऱ्याला दोन हजारच्या दोन हजार परत आल्या पाहिजेत आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत नष्ट झाल्या पाहिजेत. नाही आल्या, तर संस्थाननं परस्पर नाणं पाडलं असं धरून पेढीचं कर्ज घ्यायला लावू.

“आणि कर्ज घ्यायची वेळ आली,” कारभारी मला बाहेर गाठून म्हणाले, “तर पहिला हप्ता तुझा छापखाना विकून भरणार आहे मी. यंत्राला सांगलीत गिऱ्हाईक आहे. कळलं? आता अशी चिठ्ठी काढ की कुणाला तिची नक्कल करता येता कामा नये.”

नक्कल करता येऊ नये म्हणजे ठसा नाजूक हवा. राजमुद्रेचा ठसा वाळवीनं खाल्लेला. राहिला एकच, माझ्या वडिलांनी, दादांनी, शिसवी लाकडात कोरलेली ग्रामदेवता बोरजाई. आठ हात, प्रत्येक हातात वेगळं शस्त्र, मनगटावरच्या बांगड्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. मी तो छापला. खाली ‘रुपया एक, मंडईकामी’, वर क्रमांक. छापून झाल्यावर मी पहिली चिठ्ठी उजेडात धरून पाहिली आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. असल्या खुशीचं पुढं काय होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिल्या शनिवारी मजुरी वाटली. गवंड्यांनी चिठ्ठी घेतली, कपाळाला लावली आणि वाण्याकडं गेले. वाण्यानं ती कपाळाला लावली आणि गल्ल्यात टाकली. महिन्याभरात चिठ्ठी तेल्याकडून कोष्ट्याकडं, कोष्ट्याकडून वैद्याकडं फिरायला लागली. मंडईचे खांब उभे राहिले. चैत्रात छप्पर चढलं, साठ ओटे तयार झाले आणि ज्या बायका इतकी वर्षं नदीच्या उतारावर दगडानं पाट्या अडवून बसायच्या, त्या सपाट फरशीवर मांडी घालून बसल्या. मी रोज एक चक्कर मारून यायचो, उगीचच.

भाद्रपदात कारभाऱ्यांनी मला बोलावलं. ते हसत होते. कारभारी हसले की मी आधी दार कुठं आहे ते बघायचो.

“घरपट्टी शंभर टक्के वसूल झाली, मार्तंड. ओट्यांचं भाडंसुद्धा.”

“मग चांगलंच झालं की, रावसाहेब.”

“सगळी रोख. चांदीचे खणखणीत रुपये. चिठ्ठ्या आल्यात तीनशे दहा.”

“असं कसं? चिठ्ठ्या चालतात की घरपट्टीला.”

“चालतात. पण लोक देत नाहीत. देवी छापलीस ना तू? ज्याच्या हाती आली, त्यानं नेऊन देव्हाऱ्यात ठेवली. रुपये खर्च करतात आणि कागद पुजतात.” त्यांनी डबी मिटली. “आईसाहेबांच्या खजिन्यात रुपये आहेत, पण साहेबाला चिठ्ठ्या हव्यात. अजून सोळाशे नव्वद. सांगलीच्या गिऱ्हाइकाला पत्र टाकू का?”

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. आलेल्या तीनशे दहा चिठ्ठ्या जाळायला हवालदाराला सांगितलं, तर त्यानं पगडी काढून टेबलावर ठेवली. “नोकरी घ्या सरकार,” म्हणाला, “पण बोरजाईला काडी लावायला मला सांगू नका. घरात लेकरंबाळं हायत.”

आईसाहेबांनी तोड काढली. जीर्ण झालेले देव आपण जाळत नाही, वाहत्या पाण्यात सोडतो. मग दसऱ्याला ह्या देव्यांचंही विसर्जन करायचं, वाजतगाजत. साहेबांना पत्र गेलं. उत्तर आलं की, नष्ट झाल्याशी कारण, अग्नी असो वा जल. वसुलीचं काम माझ्यावर आलं, कारण देवी माझी. चिठ्ठी घ्यायची, पावती फाडायची, तो रुपया पुढच्या घरपट्टीत धरायचा.

साडेअकरा गावं मी पायी पालथी घातली. हात जोडले, आर्जवं केली. देवीला पाण्याची ओढ लागली आहे, असंही सांगितलं. बहुतेकांनी दिल्या. दसरा दोन दिवसांवर आला तेव्हा त्रेचाळीस उरल्या, आणि त्यांतली एकही हलेना. हौसाबाईची घ्या. मंडईत मेथी आणि कांद्याची पात विकायची. तिच्याकडं मी पाच खेपा घातल्या.

“मावशी, एका कागदाचा प्रश्न आहे.”

“कागद व्हय?” तिनं देव्हाऱ्याकडं बोट केलं. चिठ्ठीवर हळदीकुंकवाचा एवढा थर की देवीचे दोनच हात दिसत होते. “मंडईचं दगड वाहिलं, तवा मिळाली ही. आजवर सरकारनं माझ्याकडनं घ्यायचंच काम केलं. हे पयलं दिलं. आनि आता तू मागाय आलास.”

“नाही दिलीत तर छापखाना जाईल माझा.”

“देवीवर भरवसा ठेव. चा घेनार?”

चहा घेतला. काय करतो?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं गाव जेवून लवंडलं होतं. मी छापखान्याचं दार लावलं आणि शिसवी ठसा काढला. आज इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. मी त्रेचाळीस खोट्या चिठ्ठ्या छापल्या, राहिलेले क्रमांक घालून. पैसे पाण्यात बुडवता यावेत म्हणून खोटे पैसे छापणारा माणूस माझ्याआधी झाला असेल, असं मला वाटत नाही. छपाई सुरेख आली. चिठ्ठ्या पेटीत सरकवल्या, कुलूप लावलं आणि कारभाऱ्यांकडं गेलो.

“सगळ्या आल्या, रावसाहेब. दोन हजार.”

त्यांचा चेहरा असा पडला की मला बरं वाटलं. रात्री मी जेवलोही पोटभर.

दुसऱ्या दिवशी घाटावर मांडव. आईसाहेब खुर्चीवर, शेजारी हॅरॉप साहेब, त्यांचे दोन कारकून, कारभारी, आणि अलीकडच्या काठावर साडेअकरा गावं. पलीकडच्या काठावर उरलेलं अर्धं गाव फुकट बघायला जमलं होतं. मी टेबलाशी, समोर पेटी. आरती झाली. कारकून मोजायला बसणार, तेवढ्यात गर्दीतून हौसाबाई आली. नवं लुगडं, हातात तबक, तबकात चिठ्ठी.

“घे बाबा. फाड पावती.”

मी पेटीवर हात ठेवला. “मावशी,” मी हळूच म्हटलं, “तुम्ही देणार नव्हता ना? घरी ठेवा. घरी शोभते ती.”

“आता का? म्हैनाभर डोकं खाल्लंस!”

“मी चुकलो. देव असा घरातनं काढू नये. परत जा.”

“आरं, तुझ्या छापखान्यापायी आणली म्या!” ती आता मोठ्यानं बोलायला लागली. “रातभर डोळा लागला न्हाई. म्हटलं, तरणंताठं पोर, आईला एकला. आपल्या एका रुपयापायी बसंल घरी. आम्ही सगळ्यांनी ठरवलं. त्ये बघ, मागं हायत सगळी.”

मागं रांग होती. गुराखी, परटीण, कोष्टी, आंधळे बाबूराव गुरव. ज्यांनी ज्यांनी मला चहा पाजून हात हलवत परत पाठवलं होतं, ते सगळे अंघोळ करून, कुंकू लावून, माझा छापखाना वाचवायला आले होते. मी प्रत्येकाला दबक्या आवाजात घरी जा म्हणत होतो आणि प्रत्येक जण माझ्या पाठीवर थाप मारून चिठ्ठी ठेवत होता. रडू येत होतं मला, पण ते भीतीचं होतं. बाकीचं रडू नंतर आलं.

“मार्तंड,” कारभारी मानेपाशी येऊन म्हणाले, “सगळ्या काल आल्या होत्या ना?”

मोजणी झाली. कारकुनांनी दोनदा केली. साहेब मराठीची परीक्षा पास झालेले होते आणि त्यांची मराठी जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी एकेक पायरी जपून यायची.

“छापल्या दोन सहस्र. आल्या दोन सहस्र एकेचाळीस. एकेचाळीस अधिक. हे कसे घडले?”

“बनावट!” कारभाऱ्यांचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. “काल दोन हजार पूर्ण होत्या. म्हणजे आज आल्या त्या खोट्या. साहेब, हेच ते होणार, असं मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. हवालदार, ही रांग सोडू नका! ह्या बाईपासून सुरुवात करा.”

हवालदारानं हौसाबाईच्या हातातलं तबक धरलं. तिनं ते सोडलं नाही. ती माझ्याकडं बघत होती, रागानं नव्हे. हा काहीतरी बोलेल, अशा नजरेनं. छापखाना, यंत्र, सांगलीचं गिऱ्हाईक सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी पावतीपुस्तकाची पानं सारखी करत राहिलो.

“मग मलाही धरा,” कुणीतरी म्हणालं.

बायकांच्या घोळक्यातून राधाक्का पुढं आल्या. राधाक्का म्हणजे कारभाऱ्यांच्या पत्नी. त्यांनी पदराआडून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. कुंकू, अक्षता, वर तुळशीचं पान. “वर्षभर आमच्या देव्हाऱ्यात आहे. घरपट्टीला तुम्ही चांदीचे रुपये काढून दिलेत, मी ही ठेवून घेतली. तुम्ही रोज हिच्यापुढंच घंटा वाजवता. खाली काय लिहिलंय ते कधी वाचलं नाहीत, म्हणून मी बोलले नाही.”

पलीकडचं अर्धं गाव आधी हसलं. मग अलीकडची साडेअकरा. कारभाऱ्यांनी चष्म्याची डबी उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि आत काहीतरी शोधायला लागले.

त्या हसण्यात माझा आवाज मोकळा झाला. “आजच्या चिठ्ठ्या खऱ्या आहेत, साहेब. खोट्या पेटीत आहेत, त्रेचाळीस. मी छापल्या. हे लोक देणार नाहीत, असं मला वाटलं होतं.”

हवालदारानं तबक सोडलं.

“वळखू कशा यायच्या?” हवालदारानं विचारलं.

“त्यात काय?” हौसाबाई टेबलाशी येऊन बसली आणि भाजी निवडावी तसा ढीग निवडायला लागली. “हिला हळद हाय, खरी. हिला तेल्याच्या गल्ल्याचं तेल हाय, खरी. हिला तपकीर हाय, ही वैद्याची, खरी. ही बघा, कोरी करकरीत. हिला कुनाचा हातच लागला न्हाई. ही खोटी.” तासाभरात त्रेचाळीस कोऱ्या बाजूला निघाल्या.

हॅरॉप साहेब माझ्यापुढं येऊन उभे राहिले. “ह्या खोट्या पैशांनी तू काय विकत घेतलेस?”

“काही नाही, साहेब.”

“कोणास दिलेस?”

“नदीला देणार होतो.”

साहेबांनी कारकुनाला इंग्रजीत काहीतरी विचारलं. कारकुनानं जाड पुस्तक उघडलं, बरीच पानं उलटली आणि मान हलवली. “असा गुन्हा अजून कोणी केला नाही,” साहेब म्हणाले. “तुमचा मनुष्य आहे. शिक्षा आपण द्या, राणीसाहेब.”

“त्रेचाळीस घरी जाऊन पाया पडायचं,” आईसाहेब म्हणाल्या. “चहा न घेता. पण साहेब, खऱ्या किती झाल्या?”

एकोणीसशे नव्याण्णव.

 एक कमी. अट म्हणजे अट. कारभाऱ्यांचं तोंड उघडलं, पण त्यांनी राधाक्कांकडं पाहिलं आणि ते मिटून घेतलं. मी घरांची यादी काढली. प्रत्येक गाव, प्रत्येक उंबरा, प्रत्येकापुढं खूण. एकही घर सुटलेलं नव्हतं. कुठं शोधायची आता? वर्षभर ज्या कागदानं भिंती उभ्या केल्या, तो एका रुपयानं रान आणि माझं यंत्र घेऊन जाणार होता.

“माझ्याकडं हाय,” मागून आवाज आला. “पर मला कुनी मागितलीच न्हाई.”

आई होती. माझी.

“तुझ्याकडं? कधी आली?”

“तूच दिलीस की. पगार झाला, म्हनलास, बघ आई, दादांचा ठसा. साडेअकरा गावच्या लोकांफुडं हात जोडलंस, मार्तंडा. घरात आलास की आधी ताट मागायचास, मग झोपायचास. मी रोज म्हनायची, आज इचारंल. आज इचारंल.”

तिनं कमरेची पिशवी सोडली. चिठ्ठी चार घड्या करून फडक्यात बांधलेली. तिच्यावर हळद नव्हती, कुंकू नव्हतं. आठ हातांच्या रेघा तेवढ्या बोटानं फिरून फिरून पुसट झाल्या होत्या. दादांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि त्यांचा फोटो आमच्याकडं नव्हता.

मी पावती फाडली. क्रमांक दोन हजार. तिनं ती घडी करून पिशवीत ठेवली.

दोन हजार चिठ्ठ्यांची टोपली पाण्याकडं नेली. लोकांनी मुठी मुठी सोडल्या. माझा कागद हलका, दोन डुबक्यांत लगदा व्हायचा. शेवटची चिठ्ठी, आईची, माझ्या हातात होती. साहेब म्हणाले, “टाका.”

माझी मूठ उघडेना.

मी गुडघाभर पाण्यात उभा, साहेबांच्या हातात घड्याळ, वाजंत्री थांबलेली, आणि माझी बोटं ऐकेनात. महिनाभर मी ह्याच लोकांना म्हणत फिरलो होतो, एका कागदाचा प्रश्न आहे.

“टाक की रं!” हौसाबाई काठावरून ओरडली. “आम्हास्नी सांगताना लई सोपं हुतं!”

आई पाण्यात आली. तिनं माझं मनगट धरलं, माझा हात आणि तिचा हात दोन्ही पाण्याखाली घेतले आणि एकेक बोट सोडवलं. साहेबांनी तिथंच कागदावर सही केली. रान राहिलं, यंत्र राहिलं, मंडई कुणाचं एका पैशाचंही देणं नसताना आमची झाली.

वर चढताना आईसाहेब माझ्यापाशी थांबल्या. “पुढच्या साली ओढ्यावर बंधारा घालायचा आहे. चिठ्ठ्या तूच छापायच्या.”

“होय, आईसाहेब.”

“वांगं छाप.”

छापलं. काटेरी देठाचं, टपोरं वांगं. ठसा मीच कोरला, माझा पहिलाच. चिठ्ठ्या झपाझप फिरल्या, वर्षाच्या आत साऱ्या परत आल्या आणि हवालदारानं हसत हसत जाळल्या. एक सोडून. ती मात्र आईनं मला सांगून ठेवून घेतली, आणि तिच्या बदल्यात माझ्या पगारातला एक चांदीचा रुपया खजिन्यात भरायला लावला.